बारा महिन्यांची बारा रत्नं ठरवली कुणी?

‘जानेवारीत जन्मलेल्यांनी गार्नेट वापरावं, सप्टेंबरच्यांनी नीलम. आपल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वीच प्रत्येक महिन्याचं जन्मरत्न ठरवून ठेवलं आहे.’ हा मजकूर घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत फिरत असतो. वाढदिवसासाठी अंगठी घ्यायला गेलं तर दुकानातही तेच ऐकायला मिळतं. पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणालाच एक साधी शंका कशी येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ऋषींच्या काळात जानेवारी कुठे होता? आपले महिने चैत्र-वैशाख. शास्त्रानं महिन्याला रत्न नेमून दिलं असतं, तर ते चैत्राला दिलं असतं.

ही यादी कुठून आली हे काही गूढ नाही. 1912 साली अमेरिकेतल्या जवाहिरांच्या राष्ट्रीय संघटनेची कॅन्सस सिटी इथे बैठक झाली. तोवर वेगवेगळ्या याद्या चालत होत्या. संघटनेनं त्यांतून एकच यादी पक्की केली: जानेवारीला गार्नेट, एप्रिलला हिरा, मेला पाचू, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम वगैरे. 1952 मध्ये तिथल्याच व्यापाऱ्यांनी ती पुन्हा तपासून अ‍ॅलेक्झांड्राइट, सिट्रीन, झिरकॉन ही नावं आत घेतली. 2002 मध्ये डिसेंबरला टांझानाइट मिळालं आणि 2016 मध्ये ऑगस्टला स्पिनेल. यातलं टांझानाइट टांझानियातल्या मेरेलानीच्या टेकड्यांत सापडलं 1967 साली, आणि ‘टिफनी’ या अमेरिकन पेढीनं त्याला देशाच्या नावावरून हे नाव देऊन बाजारात आणलं. 1967 मध्ये जगाला ठाऊक झालेला खडा प्राचीन ऋषींनी डिसेंबरला कसा नेमून दिला असेल, याचं उत्तर मजकूर पुढे पाठवणाऱ्यानं द्यावं.

व्यापाऱ्यांनी ही कल्पना पूर्णपणे हवेतून काढली, असंही नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात प्रमुख याजकाच्या उरपटाचं वर्णन आहे. त्यावर इस्राएलच्या बारा वंशांसाठी बारा रत्नं जडवलेली असत. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस यानं त्या बारा रत्नांचा संबंध बारा महिन्यांशी आणि बारा राशींशी लावला. आपापल्या जन्ममहिन्याचं एकच रत्न अंगावर घालण्याची चाल मात्र बरीच अलीकडची. अमेरिकन रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी 1913 च्या आपल्या ग्रंथात तिचा माग अठराव्या शतकातल्या पोलंडपर्यंत नेला आहे. म्हणजे धागा जुना आहे, पण तो जेरुसलेमहून युरोपमार्गे अमेरिकेत गेलेला आहे. त्यात कमीपणाचं काही नाही. फक्त तो आपल्या नावावर खपवू नये.

मला याची चीड येते, कारण या खोट्या अभिमानाखाली आपली खरी परंपरा झाकली जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत. चांगलं रत्न राजाला शुभ आणि सदोष रत्न अशुभ, असं तो सांगतो. पुढे हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांची पारख करायला बसतो. हिऱ्यात कावळ्याच्या पावलासारखी खूण आहे का, माशीसारखा डाग, केसासारखी रेघ आहे का, हे पाहायला सांगतो. आज दहापट भिंगाखाली हिरा धरून त्याची निर्मळता ठरवणारा तज्ज्ञ हेच शोधत असतो. वराहमिहिराचं सगळंच बरोबर आहे असंही नाही. उत्तम हिरा पाण्यावर तरतो असं तो म्हणतो. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो, तो तळाला जाणार. पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा घालू नये, असं काही जाणकारांचं मतही त्यानं नोंदवलं आहे. शास्त्राचा हवाला देऊन हिऱ्याची अंगठी विकणारे हे कधी सांगत नाहीत. आणि महिन्यांची यादी? ती तिथे नाहीच.

नवग्रहांची नवरत्नं ही वेगळी गोष्ट. सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, शनीचा नीलम हा संबंध ‘जातकपारिजात’सारख्या मध्ययुगीन ज्योतिषग्रंथांत येतो. त्याचा जन्ममहिन्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे रास धरतात ती चंद्राची, आणि चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास बदलतो. त्यामुळे एकाच सप्टेंबरात जन्मलेल्या मुलांच्या राशी बाराही असू शकतात. अमेरिकन यादी त्या सगळ्यांच्या हातात नीलम देते. त्यांतला सिंह राशीचा मुलगा ज्योतिषाकडे गेला, तर ‘तुझा स्वामी सूर्य, तू माणिक घाल, नीलम आधी काढ’ असं त्याला सांगितलं जाण्याची शक्यता मोठी. दोन्ही ठिकाणी पैसे एकाच घरातून जातात.

माणिक आणि नीलम यांचं वैर तर ऐकून ऐकून कान किटले. सूर्य आणि शनी हे शत्रू, म्हणून दोन्ही खडे एका हातात नकोत म्हणे. खनिज म्हणून पाहिलं तर दोन्ही एकच आहेत: कुरुविंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यात किंचित क्रोमियम मिसळलं की लाल रंग येतो आणि त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम आलं की निळा रंग येतो, तो नीलम. बाजारात गुरूचा पुष्कराज म्हणून बहुधा जे विकतात तेही कुरुविंदच, पिवळ्या रंगाचं. सूर्य, शनी आणि गुरू या तिघांचे खडे एकाच खनिजाचे आहेत. यातून खिशालाही फटका बसतो. अमेरिकन यादीत नोव्हेंबरला टोपाझ आहे. त्याचं मराठी ‘पुष्कराज’ असं करून दुकानात गेलेल्या माणसासमोर येतो पिवळा नीलम, आणि तो साध्या टोपाझपेक्षा कितीतरी महाग असतो.

‘रत्नातून किरण शरीरात जातात, म्हणून अंगठी खालून उघडी हवी’, हेही विज्ञान म्हणून सांगितलं जातं. खडा स्वतःहून कुठलेही ग्रहकिरण सोडत नाही. तो पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषतो आणि उरलेला परत पाठवतो. रंगीत काचही तेच करते. माणिक अतिनील प्रकाशात लाल चमकतं हे खरं आहे, पण ती करामत क्रोमियमची. भट्टीत तयार केलेलं माणिक तर अनेकदा खाणीतल्यापेक्षा जास्त चमकतं.

नीलम तीन दिवस उशीखाली ठेवून ‘लाभतो का’ पाहतात. तीन दिवसांत कुठल्याही घरात काहीतरी बरंवाईट घडतंच.

ओपल अपशकुनी नाही. ही भीती युरोपात पसरली त्याला 1829 मधली वॉल्टर स्कॉटची एक कादंबरी बरीच कारणीभूत मानतात, आणि व्हिक्टोरिया राणीनं तर ओपल हौसेनं वापरले, भेटही दिले.

हिरा चाटून कुणी मरत नाही. तो कार्बन आहे, विष नाही.

घणाचे घाव सोसतो तोच खरा हिरा, ही परीक्षा मात्र कुणी चुकूनही करू नये. कठीण असणं म्हणजे ओरखडा न पडणं, न फुटणं नव्हे. हिऱ्याला चार दिशांनी दुभंगण्याच्या पातळ्या असतात, आणि नेमका ठोका बसला की अस्सल हिराही फुटतो.

मोती दातावर घासून खरखरीत लागला म्हणजे समुद्रातला नैसर्गिक, असंही नाही. त्यानं फक्त काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती ओळखता येतो. शेतीचा मोतीही तसाच खरखरतो, आणि आज दुकानात दिसणारे जवळजवळ सगळे खरे मोती शेतीचेच असतात.

ज्याला रंग आवडला म्हणून खडा घ्यायचा आहे त्यानं खुशाल घ्यावा. माझी तक्रार आहे ती भीती विकण्याबद्दल. मुलीचं लग्न जमत नाही, मुलाला नोकरी नाही, घरात दुखणं आहे, अशा माणसाला कर्ज काढून नीलम घ्यायला लावतात तेव्हा खड्याच्या जातीची साधी माहितीही त्याला दिली जात नाही. ती मागायचा त्याला हक्क आहे. 1902 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नुई यांनी ज्वाळेत माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली, आणि तशी माणकं आजही स्वस्तात तयार होतात. त्यांच्यात भिंगाखाली वक्र रेषा आणि कधी गोल बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकात सुईसारखे बारीक तंतू आणि सरळ कडांचे रंगपट्टे असू शकतात. काच भरलेली माणकंही बाजारात भरपूर आहेत, ती साध्या नजरेला सुंदर दिसतात आणि सोनाराच्या दिव्याच्या आचेनं बिघडतात. म्हणून प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्यावं. त्यावर खनिजाचं नाव, वजन आणि खड्यावर झालेली प्रक्रिया यांची नोंद असते. वजन रत्तीत सांगितलं तर कॅरेटमध्ये लिहून मागावं. गुंजेची रत्ती साधारण 0.12 ग्रॅमची, पण खड्यांच्या बाजारात 0.18 ग्रॅमच्या आसपासचीही रत्ती चालते. कॅरेट मात्र सगळीकडे 0.2 ग्रॅमच असतो.