छत्री उतरवावी काय?

घरातील एखादी जुनी वस्तू काढून तिच्या जागी नवी आणावी की नाही, हा प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु ती वस्तू साऱ्या घराला सायंकाळी एके ठिकाणी बसवणारी असेल, तर तो प्रश्न निव्वळ पैशाचा राहत नाही. सौंसर आणि पांढुर्णा ह्या भागात, विशेषतः कारखान्यांमुळे वाढलेल्या बोरगावसारख्या गावात, आज असाच एक प्रश्न घरोघर चर्चिला जात आहे. छपरावरची छत्री आणि दूरचित्रवाणी-संचाजवळची पेटी, म्हणजे सेटटॉप बॉक्स, काढून टाकावी आणि तिच्या जागी इंटरनेटवरून कार्यक्रम आणणारी बोटभर लांबीची स्टिक लावावी काय? "इंटरनेट आहेच, मग हा निराळा रिचार्ज कशाला?" असे मुले म्हणतात. "माझी मालिका दिसेल ना?" असे आजी विचारते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. परंतु तो करण्यापूर्वी ह्या दोन यंत्रांचे स्वभाव कसे भिन्न आहेत, हे समजून घेणे इष्ट होईल.

छत्रीचा इतिहास आपल्या देशात अर्धशतकाचा आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर, अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने, ६ राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवून 'साइट' नावाचा प्रयोग करण्यात आला. त्यात मध्य प्रदेशातील खेडीही होती. त्या वेळची छत्री सुमारे ३ मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची होती आणि तिच्याखाली सारे गाव बसत असे. पुढे उपग्रह अधिक शक्तिशाली झाले आणि छत्री लहान होत गेली. २००३ मध्ये खाजगी कंपन्यांनी आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने घरोघरी थेट उपग्रहावरून प्रक्षेपण देण्यास आरंभ केला. दूरदर्शनची ती सेवा आज डीडी फ्री डिश ह्या नावाने ओळखली जाते व तिला मासिक शुल्क नाही. मनोऱ्यापासून दूर असलेल्या गावांना शहराइतकेच स्वच्छ चित्र मिळाले, ते ह्या छत्रीमुळे. हे तिचे उपकार विसरून चालणार नाही.

ती काम कशी करते ते पाहू. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असतो, म्हणून तो आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा वाटतो. आपल्या भागातल्या छत्र्या दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून असतात, त्याचे कारण हेच. भूकेंद्रावरून पाठविलेले कार्यक्रम उपग्रह झेलतो आणि साऱ्या देशावर पसरून देतो. छत्री त्या क्षीण लहरी एका बिंदूवर गोळा करते, तेथील लहानसे उपकरण त्यांना तारेतून खाली धाडते आणि पेटी त्यांची उकल करून चित्र दाखवते.

इंटरनेटवरील प्रक्षेपणाचा प्रकार निराळा. शाळेत मुलांना हा भेद सांगताना मी देवळाच्या किंवा चर्चच्या घंटेचा दाखला देतो. घंटा एकदाच वाजते आणि सारा गाव ती ऐकतो. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, घंटा वाजवणाऱ्याचे श्रम तेवढेच. उपग्रहाचे प्रक्षेपण घंटेसारखे आहे. इंटरनेटचे काम पोस्टमनसारखे. त्याला प्रत्येक दाराशी जाऊन ज्याचे त्याचे पत्र द्यावे लागते. आपण रिमोटचे बटण दाबले की आपली मागणी दूरच्या संगणकाकडे जाते. तो संगणक कार्यक्रमाचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे करून आपल्या एकट्यासाठी धाडत राहतो, आणि स्टिक ते तुकडे क्रमाने जुळवून पडद्यावर मांडते. वाट मोकळी असेल तर उत्तम प्रतीचे तुकडे येतात. वाटेत गर्दी झाली की हलक्या प्रतीचे येतात. चित्र मध्येच पुसट होऊन पुन्हा स्वच्छ होते, ते ह्यामुळे.

घंटा आणि पोस्टमन ह्यांतील हा भेद ध्यानात ठेवला की पुढच्या बहुतेक शंकांची उत्तरे आपोआप मिळतात.

पहिली शंका खर्चाची. छत्रीवर आपण दिवसभर संच चालू ठेवला, तरी रिचार्ज तेवढाच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक तासाला माप लागते. सुस्पष्ट, म्हणजे एचडी चित्रासाठी दर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट माहिती यावी लागते असे धरू. तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे १८,००० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाइट, ह्या हिशेबाने सुमारे सव्वादोन जीबी झाले. रोज चार तास संच चालला तर दिवसाला ९ जीबी आणि महिन्याला २७० जीबी. मोबाइलवर रोज दीड किंवा दोन जीबी देणारी योजना पहिल्या तासातच संपेल. म्हणून फोनच्या इंटरनेटवर घरचा संच चालवण्याचा विचार सोडून द्यावा हे बरे. फायबरच्या घरगुती योजनांची मर्यादा मात्र ह्या २७० जीबीहून सामान्यतः पुष्कळ मोठी असते. सारांश, ज्यांच्या घरी फायबर आहे आणि तो मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी घेतलेलाच आहे, त्यांना स्टिकचा मासिक भार वेगळा पडत नाही. केवळ दूरचित्रवाणीसाठी फायबर घेणाऱ्याने मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्टिक विकत घेतली म्हणजे तिच्यात वाहिन्या आल्या, असे अनेकांना वाटते. तसे नाही. स्टिक हे केवळ दार आहे. दारापलीकडच्या पुष्कळशा दुकानांत निराळी वर्गणी द्यावी लागते. क्रिकेटसाठी एक, चित्रपटांसाठी दुसरी, मालिकांसाठी तिसरी, अशा वर्गण्या साचत गेल्या की त्यांची बेरीज जुन्या रिचार्जच्या पुढे जाते. विनामूल्य असे पुष्कळ आहे हेही खरे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी 'वेव्ह्ज' हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या इंटरनेटवरून पाहता येतात आणि त्यात मराठीलाही स्थान आहे.

दुसरी शंका भरवशाची. उपग्रहाच्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. जोराचा पाऊस आला की थेंब त्या शोषतात व विखुरतात, आणि आषाढाच्या सरीत नेमका बातम्यांच्या वेळी पडदा काळा होतो. फायबरला पावसाचे भय नाही. त्याला भय आहे ते रस्ता खोदणाऱ्याच्या कुदळीचे आणि तार ओढून नेणाऱ्या फांदीचे. पावसाने गेलेले चित्र पाऊस ओसरताच परत येते. तुटलेली तार जोडणारा माणूस मात्र केव्हा येईल, हे गावागणिक ठरते. विजेचीही गोष्ट तशीच. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संच आणि पेटी एवढीच चालली तरी छत्रीचे काम भागते. स्टिकच्या बाबतीत राउटर आणि फायबरचे लहान यंत्र हीदेखील इन्व्हर्टरला जोडलेली असावी लागतात.

थेट सामन्याच्या वेळी आणखी एक मौज होते. उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास लहरींना सुमारे पाव सेकंद लागतो. इंटरनेटवर तुकडे करणे, धाडणे आणि साठवून जुळवणे ह्यात अनेकदा अर्धा मिनिटही जातो. छत्रीवाला शेजारी "गेला!" म्हणून ओरडतो, तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावे लागते आणि ते फ्री डिशवर विनामूल्य दिसते, हेही क्रिकेटप्रेमींनी विसरू नये.

तिसरी गोष्ट आपल्या भागाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे, ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला. सौंसर त्यात आले. आपले व्यवहार नागपूरशी, सोयरीक विदर्भाशी, घरची बोली मराठी, आणि कचेरी हिंदीची, अशी ही स्थिती आहे. उपग्रहाच्या लहरी राज्याची सीमा ओळखत नाहीत. परंतु कंपन्यांचे पॅक ती ओळखतात. मध्य प्रदेशच्या ग्राहकापुढे प्रथम हिंदी पॅक ठेवला जातो. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हवी ती वाहिनी सुटी निवडण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, पण तो पुष्कळांना ठाऊक नाही. इंटरनेटवर हा अडथळा नाही. तेथे पत्ता बोरगावचा असो की पुण्याचा, मराठी नाटक, कीर्तन, व्याख्यान, बालगोष्टी सारखीच मिळतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला रविवारची मराठी मिस्सा ऐकता येते, तिच्या शेजारणीला आषाढीची पंढरपूरची महापूजा पाहता येते. शाळेत हिंदीतून शिकणाऱ्या मुलाच्या कानांवर घरी शुद्ध, विविध मराठी पडावी, अशी इच्छा असणाऱ्या पालकाला हे मोठेच साधन आहे.

मात्र येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. छत्रीवर जे लागले ते सर्वांनी मिळून पाहावयाचे, अशी रीत होती. स्टिकवर प्रत्येकाच्या आवडीचे वेगळे ताट वाढले जाते. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि मूल "एवढाच एक" म्हणत रात्रीचे अकरा वाजवते. आपोआप पुढे जाण्याची ती सोय बहुतेक ठिकाणी बंद करता येते. मुलांसाठी वेगळे खाते उघडून मोठ्यांच्या कार्यक्रमांना गुप्त अंकांचे कुलूपही लावता येते. पहिल्याच दिवशी हे करावे. अभ्यासापुरते बोलायचे, तर छत्री अजून कामाची आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा पीएम ई-विद्या योजनेत प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी देण्यात आली, आणि ज्या घरी इंटरनेट नव्हते त्या घरीही उपग्रहावरून धडा पोहोचला. घंटा गरिबाच्या दारी न विचारता पोहोचते, तिचा हा गुण मोठा आहे.

एक सावधगिरी आणखी. एकेरी वाटेने ऐकू येणाऱ्या घंटेला, ती कोणी ऐकली हे कळत नाही. पोस्टमनला मात्र कोणाला काय आले ते ठाऊक असते. आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे थांबलो, ह्याची नोंद इंटरनेटवरील सेवा ठेवतात आणि तिच्या आधारे जाहिराती दाखवतात. ह्यासाठी २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. तरी पहिला पहारा आपलाच. आणि बाजारात 'सर्व वाहिन्या फुकट' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनामिक पेट्या कधीही घेऊ नयेत. २०२३ मध्ये संशोधकांना अशा काही स्वस्त पेट्यांत, विक्रीपूर्वीच शिरलेले अपायकारक प्रोग्रॅम आढळले. ज्या वाय-फायवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच वाय-फायवर असा पाहुणा आणून बसवणे शहाणपणाचे नाही.

बदल करावयाचाच असेल, तर क्रम असा ठेवावा. प्रथम संचाला एचडीएमआयचे भोक आहे की नाही ते पाहावे. फार जुन्या संचाला ते नसते. संच 'स्मार्ट' असेल तर स्टिकची गरजच नाही. मग सायंकाळी आठच्या सुमारास, साऱ्या गावाची गर्दी असताना, संच ठेवला आहे त्याच खोलीत इंटरनेटचा वेग मोजावा. दुपारचा वेग फसवा असतो. राउटर जाड भिंतीपलीकडे असेल तर तो जवळ आणावा. घरात कोण काय पाहते त्याची यादी करावी आणि ते कोठे, किती वर्गणीत मिळते हे एकेक करून तपासावे. वडीलधाऱ्यांच्या दोन-तीन आवडत्या गोष्टी पहिल्या पडद्यावर मांडून द्याव्यात, आणि रिमोट त्यांच्याच हाती देऊन चार दिवस शेजारी बसावे. पेटी कंपनीच्या मालकीची असेल तर ती परत करावयाची की नाही, ते विचारून घ्यावे.

आणि छत्री? ती घाईने भंगारात घालू नये. तीच छत्री आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवून आणि फ्री डिशची पेटी घेऊन बहुधा विनामूल्य वाहिन्यांसाठी वापरता येते. हे काम माहितगाराकडून करून घ्यावे, कारण अंशभराच्या चुकीनेही चित्र जाते. एक महिना दोन्ही साधने शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. ज्या घरी तार भरवशाची आहे, तेथे स्टिक आपली उपयुक्तता सिद्ध करील; ज्या घरी ती वारंवार तुटते, किंवा महिन्याचा पैसा मोजूनमापून वापरावा लागतो, तेथे छत्रीच बरी. शेजाऱ्याने उतरवली म्हणून आपली छत्री उतरवण्याचे कारण नाही, आणि आजवर होती म्हणून ठेवण्याचेही नाही.