दिवस गेल्यावर एखादा घोट चालतो का?

कामोठ्यात आज तिशीच्या आतबाहेरची असंख्य जोडपी राहतात. गाव साताऱ्याकडे, जळगावकडे नाहीतर कोकणात, नोकरी मुंबईत, सकाळी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनवरून हार्बर लोकल पकडायची. शनिवारी रात्री मित्रमंडळी जमली की वाइनचा ग्लास किंवा बिअर नवऱ्याच्या हातात असते, काही घरांत बायकोच्याही. गावी हे कुणाला माहीत नसतं. मग एक दिवस पाळी चुकते, टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि प्रश्न पडतो की आता कधीमधी, अगदी थोडीशी घेतली तर चालेल का? डॉक्टरांना विचारावं तर शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या. मग प्रश्न मोबाइलला विचारला जातो, आणि तिथे ‘बिलकूल नको’ आणि ‘एका ग्लासाने काही होत नाही’ अशी दोन्ही उत्तरं सापडतात.

उत्तर सरळ आहे. गरोदरपणात इतकी घेतली तर चालते, असं प्रमाण आजवर कुणालाही ठरवता आलेलं नाही. त्यामुळे अजिबात न घेणं हाच योग्य सल्ला ठरतो. पण तेवढंच सांगून थांबलं तर शिकल्यासवरल्या मुलींना ते पटत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. कारण कळायला हवं.

आईने घेतलेली दारू रक्तात मिसळते आणि काही मिनिटांतच वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाच्या रक्तातलं तिचं प्रमाण थोड्याच वेळात आईच्या बरोबरीला येतं. फरक एवढाच की आईचं यकृत दारू पचवू शकतं, बाळाचं यकृत अजून त्या कामाला तयार नसतं. बाळाच्या लघवीवाटे ती गर्भजलात उतरते, बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं, आणि आईची उतरल्यावरही बाळाभोवती ती रेंगाळत राहते. चेहरा, हृदय, हातपाय यांची घडण पहिल्या तीन महिन्यांत होते. मेंदू मात्र नऊही महिने वाढत असतो. म्हणून ‘पहिले तीन महिने पाळले, आता हरकत नाही’ या हिशेबाला आधार नाही.

हे ज्ञान फार जुनं नाही. 1968 मध्ये फ्रान्समधल्या नान्त शहरातल्या पॉल लेमोइन या बालरोगतज्ज्ञांनी दारू पिणाऱ्या पालकांच्या 127 मुलांची निरीक्षणं मांडली. तेव्हा त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशाच मुलांचं वर्णन केलं आणि ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं. डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांमधली खाच जवळजवळ सपाट, वाढ खुंटलेली. पुढे लक्षात आलं की चेहऱ्यावर काहीच न दिसणारी मुलं कितीतरी जास्त असतात. त्यांचं लक्ष लागत नाही, आकडेमोड जमत नाही, कालची चूक ती आज पुन्हा करतात. शाळेत त्यांना ‘आळशी’ म्हटलं जातं, आणि खरं कारण घरच्यांच्याही ध्यानात येत नाही.

ही मुलं भरपूर पिणाऱ्या आयांची, असं इथे कुणी म्हणेल. थोडीशी घेणारीचं काय? खरा वाद इथेच आहे, आणि आधी मोजमाप पाहायला हवं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी 2017 मध्ये जगभरातल्या 26 अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा ‘थोडी’ म्हणजे आठवड्याला 32 ग्रॅम शुद्ध अल्कोहोलपर्यंत, अशी मर्यादा धरली होती. आपल्याकडच्या हॉटेलात येणारी स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली 8 टक्क्यांची धरली, तर एकट्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम भरतात. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण 20. म्हणजे परदेशातल्या संशोधनात आठवड्याभराची ‘थोडी’ जेवढी असते, ती आपल्याकडे एका बैठकीत, एका बाटलीत ओलांडली जाते. परदेशी बातमी वाचून स्वतःला धीर देणाऱ्या प्रत्येकीने हा हिशेब आधी मांडावा.

त्या आढाव्यात सापडलं काय? भरलेल्या आठवड्यांच्या मानाने लहान बाळ जन्मण्याचा धोका सुमारे 8 टक्क्यांनी वाढलेला दिसला. बाकी बाबतींत ठाम सांगण्याइतका पुरावाच नव्हता. 2012 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांना पाच वर्षांच्या मुलांमध्ये थोड्या दारूचा ठळक परिणाम आढळला नव्हता. पण अशा अभ्यासांत एक अडचण असते. युरोपात कधीमधी एखादा ग्लास वाइन घेणाऱ्या बायका बहुधा जास्त शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या असतात. त्यांची मुलं हुशार निघाली तर श्रेय वाइनचं नसतं. घराचं, आहाराचं, पुस्तकांचं असतं. झालेलं नुकसान या सुबत्तेखाली झाकलं जातं.

हा गुंता सोडवण्याचा एक सुंदर प्रयत्न ब्रिस्टलमध्येच झाला. दारू पचवण्याचा वेग काही अंशी जनुकांवर अवलंबून असतो, आणि जनुकं श्रीमंती पाहून वाटली जात नाहीत. चार हजारांहून अधिक मुलांच्या या अभ्यासात, आठवड्याला 1 ते 6 युनिट, म्हणजे 8 ते 48 ग्रॅम, दारू घेतलेल्या आयांची मुलं पाहिली गेली. दारूच्या पचनाशी संबंधित विशिष्ट जनुकं असलेल्या मुलांचा आठव्या वर्षीचा बुद्ध्यंक कमी भरला. अजिबात न घेतलेल्या आयांच्या मुलांत मात्र त्याच जनुकांचा असा परिणाम दिसला नाही. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. अखेरचा शब्द तोही नाही, पण ‘थोडी घेतली तर निर्धास्त राहा’ म्हणणाऱ्याने त्याचं उत्तर द्यायला हवं. ब्रिटनमध्ये पूर्वी आठवड्यातून एकदोनदा एखाद-दोन युनिट चालतील, असा सल्ला दिला जाई. जानेवारी 2016 मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो बदलून ‘अजिबात नको’ असा केला.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. दिवस गेल्याचं कळण्याआधी पार्टीत एखादा ग्लास घेतला गेला, म्हणून गर्भपाताचा विचार करण्याचं किंवा रात्र रात्र रडण्याचं कारण नाही. एका ग्लासाने बहुतेक वेळा काहीही होत नाही. त्या दिवसापासून बंद करावी आणि डॉक्टरांना सांगावं. ज्या बाईला रोज घ्यायची सवय आहे, तिने मात्र मनाने एकदम सोडू नये. दारू अचानक तुटल्यावर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

आपल्या घरांत दारू औषधाच्या बाटलीतूनही येते. आसवं आणि अरिष्टं आंबवून बनतात. बाळंतिणीला दिलं जाणारं दशमूलारिष्ट त्यातलंच. अशा औषधांत साधारण 5 ते 10 टक्के स्वनिर्मित अल्कोहोल असतं. चमचा-दोन चमच्यांतलं प्रमाण फारच कमी असतं, घाबरण्यासारखं नाही. तरी गरोदरपणात कुणाच्या सांगण्यावरून ते सुरू करू नये, वैद्यांना आधी विचारावं. सर्दीवर चमचाभर ब्रँडी हा जुना घरगुती उपाय तर पूर्ण सोडलेलाच बरा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या 0.4 टक्के स्त्रिया आणि 13.9 टक्के पुरुष दारू घेतात. घरी येऊन विचारणाऱ्याला किती बायका खरं सांगत असतील, हा प्रश्न उरतोच. बायकांचा आकडा लहान दिसतो म्हणून तपासणीच्या वेळी हा विषय निघत नाही, आणि विषय निघत नाही म्हणून तो आकडा लहानच राहतो. पुरुषांच्या आकड्यातही गरोदर बाईचं दुःख आहे. नवऱ्याचा पगार बाटलीत गेला की तिच्या ताटातलं कमी होतं, आणि मारहाण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

फ्रान्समध्ये 2007 पासून दारूच्या बाटलीवर गरोदर स्त्रीचं इशाराचित्र छापणं सक्तीचं आहे. भारतात 2019 पासून बाटलीवर सक्तीचा इशारा आहे, पण तो दारू आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा. पोटातल्या बाळाबद्दल त्यात एक शब्द नाही. तो यायला हवा. तोवर डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, प्रत्येकीला हा प्रश्न शांतपणे विचारावा. कामोठ्यात एमजीएमसारखं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणीही होते. तिथे कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. आणि नवरेमंडळींनो, हे नऊ महिने तुम्हीही ग्लास बाजूला ठेवा, म्हणजे तिला नाही म्हणणं सोपं जाईल.