तळ्याकाठचें बिऱ्हाड

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक कागद आला. टपालानें नव्हे, घरमालकांचे नातू स्वतः जिना चढून वर आले, वहिनींच्या पायां पडले, चहा घेतला, आणि मग पिशवींतून कागद काढून त्यांनीं तो टेबलावर ठेवला. इमारत जीर्ण झाली आहे, ती पाडून त्याच जागीं नवी बांधावयाची आहे, तरी भाडेकरूंनीं आपली लेखी संमति द्यावी, असा त्याचा आशय. इमारतींत नऊ भाडेकरू. सात जणांच्या सह्या आधींच पडल्या होत्या. राहिलों होतों आम्ही आणि तळमजल्यावरचे शिंपी.

ह्या कागदाची हकीकत सांगण्यापूर्वीं आम्ही कोण आणि राहतों कोठें हें वाचकांस सांगितलें पाहिजे. नाहीं तर एका सहीचें एवढें काय, असें कोणासहि वाटेल.

आमच्या नोकरीचीं छत्तीस वर्षें विसरवाडीस गेलीं. सुरतेहून धुळ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नवापूर तालुक्यांत हें गांव आहे. जिल्हा नंदुरबार, पण तो तसा अलीकडचा. १ जुलै १९९८ पर्यंत आम्ही धुळे जिल्ह्याचेच होतों. आगगाडी धरावयाची तर खांडबाऱ्यास किंवा नवापुरास जावें लागे. मुलें घरीं मावची किंवा भिली बोलत, शाळेंत येऊन मराठी शिकत, आणि आमच्या हातीं सांपडलीं म्हणजे थोडें संस्कृतहि. 'वृक्ष' शब्द चालवावयास आम्हीं त्यांस शिकविलें. वृक्ष ओळखावयास त्यांनीं आम्हांस शिकविलें. बाजाराच्या दिवशीं आसपासच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन येत. भाजीपाला, तूर, मोहाचीं फुलें, मडकीं, बांगड्या, सारें अर्ध्या तासांत पायीं फिरून घरीं परततां येई. गांव लहान खरें, परंतु जगावयास जें लागतें तें सर्व चालण्याच्या टप्प्यांत होतें, आणि वाटेंत भेटणारा प्रत्येक जण 'गुरुजी' म्हणून थांबत असे. निवृत्तीनंतर तेथेंच राहावें असा आमचा बेत होता.

तो बेत थोरल्या बंधूंच्या निधनानें मोडला. ठाण्यास, खारकर आळींत, वडिलांनीं १९५६ सालीं भाड्यानें घेतलेल्या तीन खोल्या आहेत. बंधूंचें सारें आयुष्य तेथेंच गेलें. त्यांच्या मागें वहिनी, पुतण्या, सूनबाई व दोन मुलें राहिलीं. पुतण्या व सूनबाई दोघेंहि सकाळीं आठला मुंबईची गाडी धरणार. तेव्हां वडीलधारें माणूस घरांत हवें म्हणून आम्ही आणि आमचें कुटुंब विसरवाडीचा संसार आवरून तेथें आलों. एवढ्या मोठ्या शहराच्या दारांत आपला जीव गुदमरेल अशी भीति वाटत होती. ती पहिल्या आठवड्यांतच गेली, आणि कां गेली तें आम्हांस बरेच दिवस उमगलें नाहीं.

ठाण्यास मुंबईचें उपनगर म्हणण्याची जी रीत पडली आहे तिची आम्हांस गंमत वाटते. शिलाहार राजांच्या ताम्रपटांत ज्याचें 'श्रीस्थानक' म्हणून नांव येतें तें हेंच. अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे सन १०१७ चा ताम्रपट येथील किल्ल्यांत पायाचें खोदकाम करतांना १७८७ सालीं सांपडला. 'स्थानक' ह्या शब्दापासूनच 'ठाणें' झालें; त्यामुळें लोक 'ठाणे स्थानक' म्हणतात तेव्हां आमच्या कानांस एकच शब्द दोनदां ऐकूं येतो. पुढें पोर्तुगीज आले, १७३७ सालीं मराठ्यांनीं त्यांच्यापासून गांव घेतलें, १७७४ सालीं इंग्रजांनीं मराठ्यांपासून. किल्ल्याचें तुरुंगांत रूपांतर झालें. नाशिकच्या जॅक्सनवधाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे ह्यांस १९ एप्रिल १९१० रोजीं फांसावर चढविलें तें ह्याच तुरुंगांत. त्या भिंतीवरून आम्ही रोज जातों. पहिल्या दिवशीं पाय थबकले होते. आतां थबकत नाहींत, ह्याची थोडी लाज वाटते.

आगगाडीचें तर विचारूंच नये. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी एकवीस मैल तोडून येथें आली तिला सत्तावन्न मिनिटें लागलीं. आजची धिमी लोकलहि जवळजवळ तितकाच वेळ घेते. मग पावणेदोनशें वर्षांत प्रगति ती कोणती, असें आम्हीं नातवास विचारलें. तो म्हणाला, "आजोबा, ती मध्यें थांबते किती वेळां, तें आधीं मोजा." उत्तर बिनतोड होतें.

परंतु इतिहासामुळें कोणी सुखानें राहत नाहीं. आमच्या मनाचें समाधान झालें तें गांवाच्या ठेवणीमुळें. मध्यें मासुंदा तलाव. त्याच्या काठीं कोपिनेश्वराचें देऊळ, मोठ्या लिंगाविषयीं प्रसिद्ध. मराठी अमलांत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर ह्यांनीं १७६० च्या सुमारास तें बांधविलें. तळ्याच्याच परिसरांत पोर्तुगीज काळापासूनचें ख्रिस्ती देवालय, म्हणजे घंटा दोन्हीकडच्या ऐकूं येतात. देवळापासून हांकेच्या अंतरावर जांभळी नाक्याचा बाजार. बाजारापासून स्टेशन. आणि वाटेंत मराठी ग्रंथसंग्रहालय, १ जून १८९३ रोजीं स्थापन झालेलें. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकीं एक. हें सगळें कोणी नकाशा काढून मांडलेलें नाहीं. जेथें तळें तेथें देऊळ, जेथें देऊळ तेथें बाजार, असें तें शतकानुशतकें वाढत गेलें. आम्हांस विसरवाडीची आठवण कां होत होती, तें येथें उमगलें. तेथल्याप्रमाणें येथेंहि सर्व पायांखालीं आहे.

वहिनींचें वय एकूणऐंशीं. सकाळीं साडेसहाला त्या घरांतून निघतात. देवळापर्यंत त्यांच्या पावलांनीं नऊ मिनिटें. वाटेंत फुलवाली दोन जास्वंदी बाजूला काढून ठेवते, दूधवाला "आज उशीर?" असें विचारतो, औषधांच्या दुकानांतला मुलगा त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याचा दिवस त्यांच्याहून नीट लक्षांत ठेवतो. दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं त्या भोंवळ येऊन तळ्याच्या कठड्यापाशीं बसल्या, तर आम्हांस कळण्यापूर्वींच शिंप्यांचा मुलगा त्यांस रिक्षांत घालून घरीं घेऊन आला होता. जी मंडळी शहराबाहेरच्या मनोऱ्यांत बाविसाव्या मजल्यावर राहतात त्यांच्याकडे पोहण्याचा हौद असतो, बाग असते, दाराशीं पहारेकरी असतो. पण पहारेकऱ्यास नांव ठाऊक असतें तें वहीपुरतें.

अलीकडे युरोपांत ह्या गोष्टीचें शास्त्र झालें आहे. कार्लोस मोरेनो नांवाच्या पॅरिसमधील प्राध्यापकांनीं 'पंधरा मिनिटांचें शहर' अशी कल्पना मांडली. शाळा, बाजार, दवाखाना, काम, करमणूक हीं घरापासून पायीं किंवा सायकलीनें पाव तासाच्या आंत असावींत. पॅरिसच्या तेव्हांच्या महापौर ॲन हिदाल्गो ह्यांनीं २०२० च्या निवडणुकींत तिचा पुरस्कारहि केला. वहिनींस आम्हीं हें वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "हें सांगायला प्राध्यापक कशाला लागतो?"

इतकें सर्व असतां मग त्या कागदावर सात सह्या कां पडल्या? कारण पावसाळा. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत श्रावणभर एक पातेलें व दोन तपेलीं मांडलेलीं असतात. माडीच्या एका तुळईला वाळवी लागली आहे. तिच्याखालीं आम्हीं लोखंडी टेकू दिला आहे आणि त्या टेकूवर आमचें कुटुंब नाइलाजानें पिशव्या टांगतें. जिन्याची चौथी पायरी कोणीहि वापरीत नाहीं. नव्या पाहुण्यास खालूनच ओरडून सांगावें लागतें.

ह्यांत घरमालकास दोष द्यावा तर तोहि न्याय नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण धरलें, आणि नंतरच्या घरांस प्रथम ठरलेलें भाडें. युद्धानंतर जागांची टंचाई होती, भाडेकरू रस्त्यावर येत होते; त्या कायद्यानें आमच्या वडिलांसारख्या कारकुनांस छप्पर राखून दिलें. त्याचे उपकार आम्ही विसरलों नाहीं. पण वडिलांनीं ठरविलेलें भाडें अठरा रुपये. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें वर्षास शेंकडा चार वाढ दिली, तरी आज करांसह तें दोनशें रुपयांच्या आंतच आहे. नऊ बिऱ्हाडांच्या भाड्यांत एक तुळई बदलत नाहीं. मालकास दुरुस्ती परवडत नाहीं, भाडेकरूस सोडणें परवडत नाहीं, आणि दोघांच्या मध्यें इमारत म्हातारी होत जाते. पुण्याच्या पेठांत, कल्याणच्या पारनाक्याकडे, गिरगांवांत, ज्यांचीं अशीं बिऱ्हाडें आहेत त्यांस हें नव्यानें सांगावयास नको.

आणि ही गोष्ट गळक्या छपराशीं थांबत नाहीं. २०१५ च्या ऑगस्टांत ह्याच ठाण्यांत, नौपाड्याच्या बी-केबिन भागांत, सुमारें पन्नास वर्षांची एक तीन मजली इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली आणि बारा माणसें झोंपेंतच गेलीं. तेव्हांपासून महानगरपालिकेची धोकादायक इमारतींची यादी लागली कीं लोक ती दहावीच्या निकालासारखी पाहतात. अतिधोकादायक ती सी-१. आमची सी-२ ब मध्यें आहे, म्हणजे रिकामी न करतां दुरुस्त होण्याजोगी. आणखी किती वर्षें तेथें राहील तें तुळईस विचारावें.

आमच्या घरांत ह्यावरून दोन पक्ष पडले. पुतण्या व आमचें कुटुंब सहीच्या बाजूचीं. "धाकटी त्या तुळईखालीं निजते, काकू," एवढेंच सूनबाई एकदां म्हणाली, आणि त्यावर कोणी बोललें नाहीं. वहिनींचा विरोध नव्या घरास नव्हता. नवें घर त्याच जागीं, मोठें आणि मालकी हक्काचें मिळणार आहे, उद्वाहन असणार आहे, हें त्यांस ठाऊक होतें. त्यांचें बोट कागदावरच्या एकाच ओळीवर होतें: काम पुरें होईपर्यंत, म्हणजे अजमासें तीन वर्षें, राहण्याची सोय भाडेकरूनें अन्यत्र करावी, त्यासाठीं दरमहा ठराविक रक्कम मिळेल. त्या रकमेंत घर मिळतें तें घोडबंदर रस्त्यावर, दहा-बारा किलोमीटर दूर.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "ते तीन वर्षें म्हणताहेत. माझीं वर्षें कोणी मोजलीं आहेत का?"

ह्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. विसरवाडीस हमरस्ता चौपदरी व्हावयाचा होता, त्याच्या तारखा ऐकतां ऐकतां आमच्या हाताखालच्या मुलांचीं मुलें शाळेंत आलीं. तेव्हां 'अजमासें' ह्या शब्दाची व्याप्ति आम्ही जाणून होतों. तरुणास तीन वर्षांचें पांच होणें ही गैरसोय. एकूणऐंशीं वर्षांच्या माणसास तोच कायमचा निरोप ठरूं शकतो. परत आल्यावर फुलवाली तेथें असेलहि. वहिनी असतील कीं नाहीं हा प्रश्न.

वाचकहो, आम्ही येथवर जुन्या ठाण्याचे गोडवे गाइले; पण त्यांतला चांगुलपणा भिंतींत नाहीं हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. भिंती खुशाल पाडाव्या. तो आहे त्या नऊ मिनिटांत, आणि इमारत पाडतांना त्यांचीच किंमत कोणी लावीत नाहीं. चौरस फुटांचा हिशेब कागदाच्या तीन पानांवर होता. शिंप्यांचें दुकान मध्यंतरीं कोठें चालावयाचें ह्यावर एक ओळहि नव्हती, आणि म्हणूनच त्यांची सही अडली होती.

तेव्हां आम्हीं मास्तरकी केली. शिंप्यांस बोलावून घेतलें, कागदाच्या समासांत तीन कलमें लिहिलीं. करार नोंदविलेला असावा. भाड्याची रक्कम वर्षावर्षास आगाऊ मिळावी. आणि वृद्धांची व दुकानाची सोय तळ्यापासून चालण्याच्या अंतरांत व्हावी. घरमालकांच्या नातवांनीं तें शांतपणें वाचलें. पहिलें व दुसरें कलम त्यांनीं मान्य केलें. तिसऱ्यावर बराच वेळ डोकें खाजविलें. परंतु माणूस सरळ आहे. भाद्रपद लागतांना ते पुन्हा जिना चढून आले. शिंप्यांस बाजारामागें एका गाळ्याचा अर्धा भाग मिळत होता, त्यांनीं सही केली. आमच्यासाठीं उथळसर भागांत तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. तीनाच्या दोन झाल्या. पुस्तकांचीं खोकीं उघडावयाचीं नाहींत, एवढें आम्हीं कबूल केलें.

वहिनी खोल्या पाहावयास आल्या. मोरी पाहिली, खिडकी उघडून पाहिली, तुळस कोठें राहील असें विचारलें. मग तेथूनच त्या देवळाकडे चालत निघाल्या. नातवानें घड्याळ लावलें. सव्वीस मिनिटें लागलीं. वाटेंत त्या दोनदां बसल्या.

भाडेपावती बंधूंच्या पश्चात् त्यांच्याच नांवें आहे, त्यामुळें सही करावयाची ती त्यांनींच. कागद देवघराच्या फळीवर ठेवला आहे. त्याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं. मात्र गेल्या सोमवारपासून त्या साडेसहाऐवजीं सहालाच निघतात, रिक्षानें उथळसरला जातात आणि तेथून देवळापर्यंत पायीं येतात. नातू घड्याळ घेऊन बरोबर असतो. काल तेवीस मिनिटें लागलीं, आणि त्या एकदांच बसल्या.