गाणं ऐकायला किती पैसे लागतात?

दिवाळीच्या आधी आमच्या घरी एक कागद आला. दुकानाचं कोटेशन. पाच छोटे स्पीकर, धडधड आवाजाचा एक भला मोठा डबा, ॲम्प्लिफायर, वायर, बसवणावळ. एकूण 85 हजार. ह्यांनी तो कागद जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली सरकवला आणि म्हणाले, "तू नुसतं बघून ठेव." मैत्रिणींनो, या 'बघून ठेव'चा अर्थ तुम्हांला सांगायला नको. ठरलेलं असतं, आपण फक्त मोडता घालायचा नसतो.

मी नाही म्हटलं नाही. गाणं मलाही हवंच आहे. पण तेवढ्या पैशांत घराला रंग लागतो आणि वर धाकटीच्या क्लासची फी निघते. म्हणून मी आठवडाभर एक उद्योग केला. दुधाच्या हिशेबाच्या वहीत, घरात कोण किती ऐकतं, ते लिहिलं. हे: रविवारी दोन तास, एरवी टीव्हीवर बातम्या. सासूबाई: सकाळी अर्धा तास अभंग. मुलं: जे काय ते कानात खुपसून. आणि मी? रोज तीन तास, ओट्यापाशी, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून! म्हणजे सगळ्यांत जास्त ऐकणार मी, आणि कोटेशनातले पाचही स्पीकर दिवाणखान्यात. वही वाचून दाखवली तेव्हा हे जरा वरमलेच.

मग आम्ही दोघं मिळून दुकानात गेलो. "वहिनी, हा हजार वॅटचा आहे बघा," विक्रेता म्हणाला. वॅटच्या या आकड्याला भुलू नका. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएमपीओ' असं छापलेलं असलं तर तो आकडा फुगवलेला समजा. 'आरएमएस' वॅट किती, ते विचारा. आणि तेही दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटनी आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो, म्हणजे जरासाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आमच्या 10 बाय 14च्या खोलीत बेताच्या आवाजात गाणं लावलं तर एखाद-दुसऱ्या वॅटवर भागतं. हजाराचं काय करायचं? खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला हादरे द्यायचे?

दुसरी गोष्ट पाच स्पीकरांची. ते सिनेमासाठी. मागून विमान गेलं की मागून ऐकू यावं, यासाठी. गाणी मात्र बहुतेक दोन स्पीकरांसाठीच ध्वनिमुद्रित होतात, आणि जुनी तर एकाच. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा घराघरांतून ते एका स्पीकरच्या रेडिओवरच ऐकलं गेलं. ऐकणाऱ्यांचं काही अडलं नाही. आमच्याकडे सिनेमा वर्षातून चार वेळा लागत असेल. चार सिनेमांसाठी तीन जादा स्पीकर? मी ते तिथंच खोडले.

पैसा घालायचाच तर तो स्पीकरांत घालावा, असं माझं मत झालं. आवाजातला खरा फरक तिथं पडतो. वायरीत नाही. चार-पाच मीटरला मीटरवर मिळणारी साधी, जाडशी तांब्याची वायर पुरते. हजारोंची 'खास' वायर मी हात जोडून परत केली.

दुकानात पारख करताना एक सांभाळा. जो स्पीकर किंचित मोठ्यानं वाजतो तो कानाला चांगला वाटतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजात लावायला सांगा, आणि गाणं त्याचं नको, आपलं न्या. मी एका बाईच्या आवाजातलं, नुसता तंबोरा आणि तबला असलेलं नेलं होतं. पाठ असलेलं गाणं कुठं बिघडतंय ते लगेच कळतं. किमतीनं मधला असलेला जोड मला महागाइतकाच गोड लागला. ह्यांनाही फरक सांगता आला नाही, पण ते मान्य करायला त्यांना घरी येईपर्यंत वेळ लागला!

शेवटी दोन मध्यम स्पीकर, छोटा ॲम्प्लिफायर, टीव्हीही त्यालाच जोडला. 34 हजार. आणि ओट्यावरच्या फळीसाठी मोबाइलला बिनवायरीनं जोडायचा एक लहान स्पीकर, 2 हजारांचा.

घरी लावल्यावर पहिल्या दिवशी आवाज घुमायला लागला आणि ह्यांचा चेहरा पडला. "म्हटलं होतं ना, मोठा घेऊ!" दोष स्पीकरचा नव्हता. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. टाळी वाजवली तरी खोली उत्तर देत होती. माळ्यावरची जुनी सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, आणि कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर हातभर पुढं ओढून बसल्यावर कान येतात त्या उंचीवर ठेवले. भिंतीच्या कोपऱ्यात ढमढम वाढते, ती कमी झाली. खर्च शून्य.

सासूबाईंचे अभंग आता दिवाणखान्यात लागतात. परवा म्हणाल्या, "टाळ वेगळे ऐकू येतात गं." रंगाचं काम मार्चमध्ये काढायचं ठरलंय. वायर मात्र अजून केर काढताना झाडूत अडकते. ती सतरंजीखालून घ्यायचं काम ह्यांच्याकडे आहे.