दारातील राखणदार आणि कणगीतील बुरशी

खरिपाची काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ पडली की मक्याची कणसे आणि भुईमुगाच्या शेंगा अंगणातच ओल्या राहतात. त्यानंतर काही आठवड्यांनी एखाद्या घरातील कुत्रे अन्न सोडते, त्याचे डोळे पिवळे पडतात, पोट फुगते आणि थोड्याच दिवसांत ते दगावते. वर्षानुवर्षे खळ्याची, गोठ्याची आणि लेकरांची राखण करणारा सोबती गेला म्हणून सारे घर हळहळते. कोणी म्हणते कावीळ झाली, कोणी म्हणते शेजाऱ्याने डूख धरून विष घातले. विषाची शंका कधी कधी खरीही असते. परंतु ते विष शेजाऱ्याच्या हातून न येता आपल्याच कणगीतून आलेले असू शकते. कुत्र्याला रोज प्रेमाने घातलेल्या भाकरीतून ते त्याच्या पोटात गेलेले असते.

रायपूरपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतच्या या भातपट्ट्यात अनेक घरांच्या परसात मका आणि भुईमूगही होतो. बस्तरच्या पठारावर घरालगतच्या बाडीत मका लावण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे या विषाची ओळख विस्तार कार्यकर्त्यांना आणि शेतकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

बुरशीचा रोग आणि बुरशीचे विष

कुत्र्यांना होणारे बुरशीचे बहुतेक आजार कातडीचे असतात. गजकर्णासारख्या विकारात केस गळतात, चट्टे पडतात. उपचाराने ते बरे होतात आणि सहसा जिवावर बेतत नाहीत. धान्यातील बुरशीची गोष्ट वेगळी आहे. येथे बुरशी प्राण्याच्या शरीरात वाढत नाही. ती दाण्यावर वाढते आणि दाण्यातच विष सोडते. अॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर हिरव्या बुरशीचे असे विष ‘अफलाटॉक्सिन’ म्हणून ओळखले जाते. त्याचे नावही या बुरशीच्याच नावावरून पडले आहे. त्याचे बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२ असे प्रमुख प्रकार असून त्यांतील बी-१ सर्वाधिक घातक आहे.

हे विष उष्णता सहन करते. दाणे शिजविल्याने किंवा पिठाची भाकरी भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. दाणे धुतले, पाखडले, वरची हिरवट भुकटी झटकली, तरी दाण्याच्या आत उतरलेले विष तेथेच राहते. उलट बुरशी डोळ्यांना दिसत नाही एवढ्यावरून दाणा निर्धोक आहे, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

१९७४ : बांसवाडा आणि पंचमहाल

भारतातील या विषाचा सर्वांत दारुण अनुभव १९७४ च्या अखेरीस आला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत काढणीपूर्वी अवेळी पाऊस झाला. तेथील आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न मका होते. ओला मका नीट न वाळता साठविला गेला आणि त्यावर बुरशी चढली. तो टाकून देणे गरीब घरांना परवडणारे नव्हते. दीडशेहून अधिक गावांत कावीळ, झपाट्याने वाढणारे जलोदर आणि मृत्यू यांचे सत्र सुरू झाले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या उद्रेकाचा अभ्यास केला आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्यातील एक बाब या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हा आजार माणसांबरोबर कुत्र्यांनाही झाला होता. घरातील माणसे जो मका खात, त्याचेच उरलेसुरले कुत्र्यांच्या वाट्याला येत होते. आणि तेथील कुत्र्यांनाही कावीळ होऊन पोटात पाणी साचत होते. संसर्गजन्य कावीळ माणसे आणि कुत्री यांना अशी एकाच वेळी गाठत नाही. दोघांना जोडणारा धागा ताटातला होता.

बाधित घरांतील मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफलाटॉक्सिन आढळले. भारतात आज तृणधान्यांसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१५ मिलिग्रॅम, ही कमाल मर्यादा आहे. तिच्याशी तुलना केली तर त्या मक्यातील विष चारशे ते हजार पट होते. माणसांच्या पोटात साधारण महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष जात असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

कुत्र्यांनी आधीही सांगितले होते

अफलाटॉक्सिनचा शोध सामान्यतः १९६० शी जोडला जातो. त्या वर्षी इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पिल्ले मरण पावली आणि त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे बोट दाखविले गेले. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी, १९५२ मध्ये, अमेरिकेच्या आग्नेय भागातील पशुवैद्यकांनी कुत्र्यांमधील यकृताच्या एका गूढ आजाराची नोंद केली होती. कारण ठाऊक नसल्याने त्याला ‘हिपॅटायटिस एक्स’ म्हटले गेले. संशयित खाद्य देऊन तो आजार प्रयोगात पुन्हा घडवूनही दाखविण्यात आला. खाद्यातले ते अज्ञात विष म्हणजे अफलाटॉक्सिनच, हे मात्र टर्कीच्या घटनेनंतर उमगले.

हा केवळ जुना इतिहास नाही. २००५ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस अमेरिकेत मका असलेल्या तयार श्वानखाद्यात अफलाटॉक्सिन आढळले आणि दोन्ही वेळा शंभराहून अधिक कुत्री मरण पावल्याचे सांगण्यात आले. कारखान्यात तयार झालेले, पिशवीबंद खाद्यही मूळ दाण्याइतकेच सुरक्षित असते.

कुत्रे आधी का बळी पडते?

याचे एक कारण शरीराचे आहे. पोटात गेलेल्या बी-१ चे यकृतात अधिक दाहक रूपात परिवर्तन होते. ते यकृताच्या पेशींना इजा करते. ही इजा रोखण्याची क्षमता प्रत्येक प्राण्यात सारखी नसते. कुत्र्याच्या बाबतीत वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे अर्धा ते एक मिलिग्रॅम विष प्राणघातक ठरू शकते; घुशी-उंदीर याहून कितीतरी अधिक मात्रा सोसतात. १५ किलो वजनाचे कुत्रे रोज ३०० ग्रॅम मका खात असेल आणि त्या मक्यात किलोमागे १० मिलिग्रॅम विष असेल, तर रोज ३ मिलिग्रॅम विष त्याच्या पोटात जाते. इतकी मात्रा दिवसामागून दिवस जात राहिली, तर यकृत तग धरू शकत नाही.

दुसरे कारण आपल्या घरांतील व्यवहाराचे आहे. निवडताना बाजूला काढलेले दाणे, जुने पीठ, वास आलेली भाकरी, खवट शेंगदाणे हे सारे ‘टाकून कशाला द्यायचे’ म्हणून कुत्र्यापुढे किंवा कोंबड्यांपुढे ठेवले जाते. त्यामागे दुष्टावा नसतो, काटकसर असते. परंतु विष मूठभर खराब दाण्यांतच एकवटलेले असते आणि नेमके तेच दाणे सर्वांत संवेदनशील प्राण्याच्या वाट्याला येतात.

लक्षणे आणि निदान

कुत्रे प्रथम मलूल होते, अन्न सोडते, उलट्या करते. पुढे डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी गडद होते, शौच काळसर किंवा रक्तमिश्रित होते. रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याने कोठूनही रक्तस्राव होऊ शकतो. आजार रेंगाळला तर पोटात पाणी साचते. या विषावर नेमका उतारा नाही. संशयित अन्न तत्काळ थांबविणे, सलाइन, यकृताला आधार देणारी औषधे आणि आवश्यकतेनुसार जीवनसत्त्व ‘के’ यांवर उपचारांची भिस्त असते. म्हणून लवकर ओळख पटणे हाच खरा बचाव आहे.

मात्र प्रत्येक कावीळ अफलाटॉक्सिनची नसते. लेप्टोस्पायरोसिस आणि गोचिडांमुळे होणारा बाबेसिया ताप यांतही कुत्र्याचे डोळे पिवळे पडतात. लेप्टोस्पायरोसिस तर आजारी जनावराच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे आजारी कुत्र्याची शुश्रूषा करताना हातमोजे वापरावेत आणि निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

शोक झालेल्या घरी जाताना

कुत्रे गेले हे कळल्यावर विस्तार कार्यकर्त्याने त्या घरी अवश्य जावे. पण जाताच प्रश्नांची सरबत्ती करू नये. ज्या हाताने भाकरी घातली त्याच हाताला दोष लागतो आहे, असे घरच्यांना वाटले तर ते धान्याविषयी मोकळेपणाने बोलणार नाहीत. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही, त्याला वेगळी चव नसते, हे आधी सांगावे. मग पुढील बाबी विचाराव्यात : कुत्रे काय खात होते, तो दाणा कधी काढला, काढणीच्या वेळी पाऊस होता का, तोच दाणा आणखी कोण खात आहे.

दफन करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून यकृताचा नमुना घेता आला तर कारण निश्चित होण्यास मोठी मदत होते. शव स्वतः फाडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. धान्याचा नमुना मात्र घरच्या घरी घेता येतो. विष साठ्यात सर्वत्र सारखे पसरलेले नसल्यामुळे अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे दाणे घेऊन ते एकत्र करावेत. एक-दोन किलो नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत भरून त्यावर तारीख आणि पिकाचे नाव लिहावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर दाण्यावरील बुरशी वाढतच राहते. तयार खाद्य असेल तर मूळ पिशवी आणि तिच्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. तपासणी कोठे होईल, याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे, कृषी विद्यापीठाकडे किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे करावी.

निकाल येईपर्यंत तो दाणा माणसांनी, कोंबड्यांनी आणि दुभत्या जनावरांनी खाऊ नये. गाय-म्हैस कुत्र्याइतकी चटकन आजारी पडत नाही. परंतु तिच्या शरीरात बी-१ चे एम-१ होऊन त्यातील काही अंश दुधात उतरतो. गाय धडधाकट दिसत असताना तिचे दूध पिणाऱ्या बालकापर्यंत विष पोहोचू शकते. दुधातील एम-१ साठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक मर्यादा घातली गेली आहे ती यासाठीच.

दाण्याची निगा

• भुईमूग आणि मका यांना दाणे भरण्याच्या अवस्थेत पाण्याचा ताण बसू देऊ नये. ताण पडलेल्या पिकात बुरशी शेतातच शिरते.

• पीक पक्व होताच काढावे. किडींनी पोखरलेली कणसे आणि फुटलेल्या शेंगा काढणीच्या वेळीच वेगळ्या कराव्यात.

• कणसे व शेंगा मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा मांडवावर वाळवाव्यात. पावसाचा रंग दिसताच झाकाव्यात आणि उघडीप मिळताच पुन्हा पसराव्यात.

• साठवणीपूर्वी मक्यातील ओलावा १२ ते १३ टक्के, तर भुईमुगाच्या शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत आणावा. शक्य तेथे गावासाठी एक ओलावामापक यंत्र सामाईक ठेवावे.

• पोती जमिनीपासून उंच, फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत. नीट वाळलेल्या दाण्यासाठी हवाबंद पिशव्या उपयुक्त आहेत. ओला दाणा मात्र त्यांत कधीही भरू नये.

• रंग बदललेले, सुरकुतलेले, फुटलेले दाणे निवडून काढावेत. ते चांगल्या दाण्यात मिसळू नयेत, दळून पिठात घालू नयेत आणि कोणत्याही प्राण्याला देऊ नयेत. नाकाला कापड बांधून ते जनावरे पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी खोल पुरावेत.

बांसवाडा-पंचमहालमधील उद्रेकाला निमित्त झाले ते पाऊस, ओला दाणा आणि गरिबी यांचे. या तिन्ही गोष्टी आपल्या परिसराला परक्या नाहीत. खराब दाणा टाकून देण्याचा सल्ला देणे सोपे आहे. ज्या घरात दुसरा दाणाच नाही तेथे तो पाळला जाणार नाही. म्हणून काढणीच्या आठवड्यात ताडपत्री, वाळवणीची जागा आणि ओलावामापक वेळेवर उपलब्ध करून देणे, हे गावपातळीवर करण्याजोगे पहिले काम आहे.

दुसरे काम तर अगदी लहान आहे. काढणीनंतरच्या प्रत्येक गृहभेटीत आपल्या टिपणवहीत एका प्रश्नाची भर घालावी : गेल्या महिन्याभरात घरातील कुत्रे किंवा कोंबड्या आजारी पडल्या का, दगावल्या का? उत्तर ‘होय’ असेल, तर पुढची पायरी कणगीपाशी जाऊन तोच दाणा हातात घेऊन पाहण्याची आहे. राखणदार वाचला नाही, तरी त्याच्या मृत्यूमागचे कारण वेळेवर शोधले, तर त्याच दाण्यावर जगणारे घर वाचू शकते.