करड्या-काळ्या रचनेची वीस वर्षे : व्हिस्लरचे मातृचित्र (१८७१–१८९१)

अमेरिकेत जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थिरावलेला चित्रकार जेम्स मॅक्‌नील व्हिस्लर याने १८७१ मध्ये आपली आई ॲना हिचे व्यक्तिचित्र रंगवले, पण त्याच्या शीर्षकात आईच्या उल्लेखाआधी ‘करड्या व काळ्या रंगांची रचना’ हे शब्द घातले. हा ‘रचना’ शब्द संगीताच्या परिभाषेतला होता. स्वरांच्या जुळणीतून जसे संगीत सिद्ध होते, तसे रंग आणि आकार यांच्या जुळणीतून चित्र सिद्ध होते, अशी त्याची धारणा होती.

सुमारे १४४ सेंमी उंच आणि १६२ सेंमी रुंद असलेल्या या चित्रात एका बाजूने दिसणाऱ्या आईच्या काळ्या पोशाखाला करडी भिंत, डावीकडचा नक्षीदार पडदा आणि भिंतीवरची चौकट तोलून धरतात. त्या चौकटीत व्हिस्लरचेच एक अम्लरेखन, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून घेतलेला छाप, आहे. उजळ रंग टोपी, चेहरा आणि हात यांच्यापुरताच राखल्यामुळे वृद्धेचे शांतपण त्या संयमातूनच प्रकटते.

१८७२ मध्ये रॉयल अकॅडमीच्या निवड समितीने हे चित्र जवळजवळ नाकारले होते. सर विल्यम बॉक्सॉल यांनी राजीनाम्याचा इशारा दिल्यावरच ते प्रदर्शनात लागले आणि त्यानंतर व्हिस्लरने तेथे एकही रंगचित्र मांडले नाही. तरीही याच चित्राने प्रभावित होऊन विचारवंत टॉमस कार्लाइल त्याच्यासमोर चित्रासाठी बसला. पुढे समीक्षक जॉन रस्किनविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा व्हिस्लरने १८७८ मध्ये जिंकला, परंतु भरपाई मिळाली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. १८७९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि आईचे चित्रही काही काळ गहाण पडले.

१८८३ च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तेथील वार्षिक कलाप्रदर्शनात, याच चित्राला पदक मिळाले. १८९१ मध्ये ग्लासगोच्या नगरपालिकेने कार्लाइलचे चित्र १,००० गिनींना, तर फ्रेंच सरकारने आईचे चित्र ४,००० फ्रँकना विकत घेतले. इंग्लंडच्या अकॅडमीशी फारकत आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात प्रवेश, ही व्हिस्लरच्या कारकिर्दीची दोन्ही टोके अशी एकाच चित्राने जोडली.

१९३४ मध्ये अमेरिकेने मातृगौरवाच्या टपाल तिकिटावर हे चित्र छापताना त्याच्या कडा छाटल्या आणि कोपऱ्यात फुलांची कुंडी घातली. त्याबरोबर सारा तोल ढळला, आणि आईचा भारदस्तपणा रचनेवर किती विसंबून होता हे दिसून आले.