प्रोटीन किती? मोबाईलला विचारा!

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर जे मोरचूद वापरतात, तेच मोरचूद प्रोटीनही पकडून देतं. अंड्यातला पांढरा भाग भरपूर पाण्यात ढवळायचा, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण आणि मग मोरचुदाच्या निळ्या पाण्याचे दोन-चार थेंब. निळा रंग बघता बघता जांभळा होतो. हीच ती प्रॅक्टिकलच्या वहीतली बाययुरेट टेस्ट. (कॉस्टिक सोडा कातडी भाजतो. त्यामुळे हा खेळ स्वयंपाकघरात नको, प्रयोगशाळेतच.)

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. मोरचुदातलं तांबं या साखळीच्या जोडांना चिकटतं आणि रंग पालटतो. जोड जास्त, तर जांभळा गडद. म्हणजे रंगाचा गडदपणा मोजला की प्रोटीन मोजलं! प्रयोगशाळेत हे काम स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं महागडं यंत्र करतं. खिशातला फोनही बऱ्यापैकी करतो.

कसं? जांभळं द्रावण हिरवा प्रकाश गिळतं. फोनचा कॅमेरा प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देतो, प्रत्येकी 0 ते 255. जांभळा गडद होत गेला की हिरव्याचा आकडा घसरतो. तेव्हा बघायचं ते हिरव्याकडे, जांभळ्याकडे नाही! योगायोग असा की बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्यासाठीच राखलेले असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी 1976 साली पेटंट घेतलेली ही मांडणी.

एकच अडचण: फोनचा कॅमेरा पक्का थापाड्या. ट्यूबलाइटखाली एक रंग, खिडकीपाशी दुसरा. वर फोटो ‘छान’ दिसावा म्हणून स्वतःच उजळवणार, स्वतःच रंग सुधारणार. उपाय मात्र झकास आहे. प्रोटीनचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या पाच-सहा नळ्या, एक बिनप्रोटीनची नळी आणि आपला नमुना, सगळ्यांचा एकाच उजेडात, एकाच चौकटीत फोटो काढायचा. थाप मारायचीच तर सगळ्यांबद्दल सारखीच मार! मग ठाऊक नळ्यांच्या आकड्यांवरून आलेख काढायचा आणि आपला नमुना त्यावर कुठे बसतो ते बघायचं. नमुना फारच गडद असेल तर पाणी घालून पातळ करायचा, नाहीतर आकडा तळाला जाऊन बसतो.

या रंगखेळाचा विज्ञानातला मान ऐकाल तर चाट पडाल. सर्वाधिक उल्लेख झालेला शोधनिबंध आइन्स्टाईनचा नाही, डीएनएचाही नाही. तो आहे ऑलिव्हर लाउरी यांच्या प्रोटीन मोजायच्या निळ्या टेस्टचा, 1951 सालचा. उल्लेख तीन लाखांवर. आपला हा निबंध काही थोर नव्हे, असं खुद्द लाउरीच म्हणायचे. 2014 साली ‘नेचर’ने केलेल्या यादीत तिसरा नंबर मॅरियन ब्रॅडफर्ड यांच्या 1976 च्या टेस्टचा. तिच्यात वापरतात कूमासी ब्लू, मुळात लोकरीचा रंग! प्रोटीन भेटलं की हा तपकिरी-लालसर रंग निळा होतो, पाचेक मिनिटांत. इथे फोनवर लालचा आकडा बघायचा. नळी नीट विसळली नसेल, तर साबणाचा अंशही रंग बिघडवतो. जिलेटिनसारखं प्रोटीन या टेस्टला धड दिसतही नाही.

दुधातलं प्रोटीन मात्र पुष्कळदा नायट्रोजन मोजून ठरवतात. 2008 साली चीनमध्ये भेसळखोरांनी पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजनने ठासून भरलेलं मेलामाइन मिसळलं आणि तपासणी फसवली. मेलामाइनमध्ये प्रोटीनचे ते जोडच नसतात. मोरचूद त्याला भुललं नसतं.

लघवीतलं प्रोटीन दाखवणारी पिवळी पट्टी तर परिचयाचीच. प्रोटीन असेल तर ती हिरवी होते. तिचा फोटो वाचणाऱ्या एका इस्रायली कंपनीच्या किटला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यातही युक्ती तीच: पट्टी रंगीत तक्त्यावर ठेवून फोटो. पट्टी हिरवी आली तरी लगेच घाबरू नका; तापात किंवा जबर व्यायामानंतरही थोडं प्रोटीन उतरतं. पण फोनवर निदान करत बसू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.